न चाखलेला दुधी

आई गाडीत चढत नव्हती. दुधाची गाडी अंगणात उभी होती, इंजिन चालू होतं, कॅन एकमेकांवर आपटून खडखडत होते आणि मागे दोन कॅनांच्या मधल्या जागेत, पोत्यावर, अप्पा म्हणजे माझे वडील आडवे पडले होते. त्यांच्या हनुवटीवर रक्त वाळलं होतं. माझी वहिनी शालन मांडीत घमेलं धरून, डोळे मिटून, कडेला टेकली होती. तिच्या शेजारी मी. पिळलेलं धुणं पुन्हा पिळावं तसं माझं पोट पिळवटत होतं आणि बाहेर पडायला आता आत काही उरलं नव्हतं. खाली उभी राहून आई ड्रायव्हरला सांगत होती, "किसनराव, निघा तुमी. थांबू नगा."

"आई बी रस प्यालीय," मी म्हणाले. "तिला बी घ्या."

"मी कवा प्याले? पोरीला भरमलंय. निघा तुमी."

पण ती ओट्याचा खांब धरून उभी होती. माझी आई कधी कशाला धरून उभी राहायची नाही. दिवाळीनंतरचा गारठा होता आणि तिच्या कपाळावर घाम होता. दादा, माझा थोरला भाऊ, चिंचवडला कारखान्यात होता, तो रविवारी यायचा. गाडी गेली असती तर घरात आई आणि गोठ्यात म्हैस, एवढीच राहिली असती. तिला काही झालं असतं तर ते कोणाला कळलंही नसतं. मी हे सगळं तेव्हा विचार करून ठरवलं असं नाही. मला एवढंच कळत होतं की ती खोटं बोलतेय आणि गाडी निघतेय.

हे इथवर कसं आलं ते सांगायचं तर अप्पांच्या पोटापासून सुरुवात करावी लागते. अप्पांचं पोट वर्षानुवर्षं दुखायचं. जेवता जेवता ताट सरकवून उठायचे आणि गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे. पुण्यातल्या डॉक्टरांनी पुड्या दिल्या, गोळ्या दिल्या, एकाने पोट कापायचं म्हटलं. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून ते निसर्गोपचाराच्या एका आश्रमात गेले. पोटावर मातीच्या पट्ट्या आणि पोटात रस, असा एक उन्हाळा काढला. परत आले तेव्हा अंगाने निम्मे झाले होते आणि पोट दुखायचं थांबलं होतं. हे खरं आहे, आणि लिहिलं नाही तर अप्पा वेडे होते असं कोणाला वाटेल. ते वेडे नव्हते. त्यांना गुण आला होता. तिथून पुढे त्यांनी आम्हाला कोणाला सुखाने बसू दिलं नाही.

ते स्वतःही बसत नसत. पूर्वी दुखण्याने उठायचे, आता उगाचच उठायचे. पहाटे शेताला चकरा, आल्यावर घरातल्या प्रत्येकाची जीभ बघायची. "जीभ दाव." ओट्यावर उजेडात उभं करून हनुवटी धरायचे. जिभेवर पांढरं दिसलं की पोटात घाण आहे, आणि पांढरं सगळ्यांच्याच जिभेवर दिसायचं. आई म्हणायची, "म्हशीची बी बघा येकदा. तिनंच काय पाप केलंय." अप्पा म्हणायचे, "म्हशीला चहा लागत न्हाय. तिची साफ असती." घरातला चहा बंद झाला तो तेव्हापासून. आई गोठ्यामागे तीन दगडांच्या चुलीवर करून प्यायची, आणि वास आला तरी अप्पा त्या बाजूला जात नसत. एवढं त्यांना कळत होतं.

रस काढायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा चौदा-पंधराची असेन. धायरी तेव्हा गाव होतं, शाळा चौथीपर्यंत, ती केव्हाच संपली होती. पुढे काय ते कोणी ठरवलं नव्हतं, म्हणजे लग्न होईपर्यंत काहीच नाही. माझ्या पायांना चैन नसायची. विहिरीवर जाऊन यायचं, बांधावर जाऊन यायचं, रस्त्याने कोण आलं ते बघायला धावायचं. अशा मुलीला अप्पांनी ओट्यावर मांडी घालून बसवलं आणि पुढ्यात किसणी ठेवली. पत्र्याची किसणी, खिळ्याने भोकं पाडलेली. खाली पितळी पातेलं. सकाळभर खर्र खर्र. गाजर, काकडी, मुळा, बीट, कारलं, कोहळा, ज्या दिवशी जे मळ्यात असेल ते. पालक आणि कोथिंबीर पाट्यावर वाटायची. मग सगळा कीस अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पिळायचा. पिळताना मनगटं भरून यायची, बोटांची सालं किसणीवर जायची. गाजराच्या दिवसांत माझे हात केशरी असायचे, पालकाच्या दिवसांत नखं हिरवी. मामा एकदा आले, माझे हात बघून म्हणाले, "हिचं लगीन ठरलं का काय, हळद लागलीय जणू." मी उठून विहिरीवर निघून गेले.

सगळेच रस वाईट नव्हते. डाळिंबाचा मला आवडायचा, आणि गाजरात आवळा पिळला की लागणारी आंबटगोड चव मला अजून आवडते. चोथा म्हशीला जायचा. गाजराचा असला तर आई त्याची थालीपिठं लावायची, आणि ती थालीपिठं खरं सांगायचं तर रसापेक्षा चांगली लागायची. पण आठवड्यातून निम्मे दिवस कारलं नाही तर कडुनिंब. कारल्याचा रस घशाखाली गेला की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि अप्पा समोर उभे राहून बघायचे. "कडू हाय म्हंजे काम करतंय. ग्वाड खाऊन कुनाचं भलं झालंय?" हे रोज ऐकलं की माणसाला खरं वाटायला लागतं. कडू लागलं की मला आतून काहीतरी साफ होतंय असंच वाटायचं. जीभ एकदा तशी वळली की तिला कडूत फरक करता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलं. माझ्या आईची भाजी चिरायची एक रीत होती. काकडी असो, दोडका असो, दुधी असो, देठाकडची एक चकती कापायची, जिभेला लावायची, थुंकायची. कडू लागली तर अख्खं फळ उकिरड्यावर. सगळ्याच बायका हे करायच्या, कोणी शिकवत नव्हतं. पण अप्पांचा रस स्वयंपाकघरातला नव्हता. आंघोळ करून, ओट्यावर बसून, स्वतः विळीवर फोडी करून ते मला द्यायचे. पहिली वाटी देवापुढे जायची. देवाला दाखवल्याशिवाय रस कोणी चाखायचा नाही, फोड जिभेला लावायची नाही, नाहीतर सगळं उष्टं. सुरुवातीला आईने सवयीने काकडीची चकती उचलली होती, तर अप्पांनी तिचा हात धरला. "औशिद हाय ते. उष्टं करू नगंस." आई म्हणाली, "बरं. देवाला बी कडू लागंल मंग." आणि ती चुलीकडे गेली. त्यानंतर तिने त्या ओट्यावरच्या भाजीला हात लावला नाही.

माझ्या नातसुनेकडे आता रस काढायचं यंत्र आहे. आवाज मोठा, पण हात सोलत नाही. ती सकाळी पळायला जाऊन येते आणि दुधी, सफरचंद, पुदिना असलं काहीतरी काढून पिते. मी तिच्या आधी उठते. दुधी आणलेला असला की देठाकडची चकती कापून चाखते. "आजी, प्लीज, तुम्ही प्रत्येक गोष्ट उष्टी का करता? हायजिनिक नाही ते." मी तिला म्हणते, तू पी, मी कुठे नको म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखते. का, ते मी तिला कधी सांगितलं नाही. ती हे वाचेल तेव्हा कळेल.

वहिनी आमच्याकडे आली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती वारज्याची. वारजेही तेव्हा गावच. हसायची फार, आणि अप्पांपुढे हसू दाबायला पदर तोंडात धरायची. तिला रस जायचा नाही. पहिला घोट घेतला की अंगावर काटा यायचा, तो दिसायचा. अप्पा बोलायचे, "वारज्यात साखरंचा पाट वाहतोय वाटतं." ती खाली मान घालून म्हणायची, "न्हाई मामंजी, पितीया." पण तिने एकदा रस तुळशीत ओतला आणि तुळशीच्या मातीत गाजराचा रंग दिसला. अप्पा तिला काही बोलले नाहीत. आईला बोलले, तिला ऐकू जाईल असं. "घरात राहायचं तर घरातलं गिळाया लागतं. पुन्यांदा टाकलं तर वारज्याला पोचती करीन. मंग तिथं खाऊ दे गूळ." अप्पा बोलले म्हणजे करणार, हे आम्हाला माहीत होतं. माझ्या एका काकूला त्यांनी तशी पोचती केली होती आणि ती परत आली नव्हती. वहिनी दोन दिवस जेवली नाही.

मग आईने एक वाट काढली. वहिनी आपला प्याला घेऊन आत यायची, निम्मा प्यायची, उरलेला आई एका दमात संपवायची आणि रिकामा प्याला बाहेर जायचा. आई स्वतः रस घेत नसे, रसापुरतं तिला अप्पांनी सोडून दिलं होतं. ओतून का दिला नाही, असं कोणी विचारेल. मोरीचं पाणी अंगणातून उघड्या गटारीने जायचं, तिथे रंग दिसायचा. आणि आमच्याकडे अन्न टाकत नसत. आईने आयुष्यभर सगळ्यांचं उरलेलं खाल्लं, त्यात हा एक रस वाढला. मला हे माहीत होतं. वहिनीला आणि मला सोडून कोणाला माहीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला एक दुधीचा वेल आपोआप आला. कोणी लावला नव्हता. कुंपणावर चढला, आणि दिवाळी झाली तेव्हा त्याला चार-पाच फळं लागली होती. हिरवीगार, कोवळी, कुठे डाग नाही. मळ्यातल्या दुधीत आणि यात डोळ्यांना काही फरक नव्हता. अप्पा रोज सकाळी जाऊन त्याला बघायचे. आश्रमात त्यांना सांगितलं होतं की न मागता जमीन जे देते ते सगळ्यात शुद्ध. "ना खत, ना पानी, ना कुनाचा हात," ते म्हणायचे. आई म्हणाली, "उकिरड्यावरचा हाय त्यो. बी कुठलं आलं, काय म्हाईत." अप्पांनी न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन दुधी तोडून आणले.

मी किसले. कीस नेहमीसारखाच, पांढरा, ओलसर, हाताला गार. वास नेहमीचा. पिळताना फेस आला तोही नेहमीचा. मी कपाळावरची बट सारायला हात वर नेला आणि मनगट ओठाला लागलं, तेव्हा कडू लागलं. मी बोलले नाही, कारण आमच्या ओट्यावर कडू लागणं ही बातमी नव्हती. देवापुढे वाटी गेली. अप्पांनी आपला प्याला तोंडाला लावला, थांबले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "कारल्याच्या वर हाय," म्हणाले. "हे खरं औशिद." प्याला संपवून त्यांनी दुसरा भरून घेतला. मी माझा प्यायले. कडूपणा जिभेवर न राहता थेट कानांपर्यंत गेला. पण वहिनी बघत होती आणि मला तिच्यापुढे तोंड वाकडं करायचं नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत प्यायले. वहिनी प्याला घेऊन आत गेली. दारातून मला दिसलं. तिने निम्मा प्यायला, भिंतीला डोकं टेकलं, मानेने नको नको म्हटलं. आईने प्याला घेतला आणि संपवला. संपवल्यावर तिने प्याल्यात बघितलं. मग चूळ भरली. रस प्यायल्यावर चूळ भरताना मी तिला त्याआधी बघितलं नव्हतं.

मी चोथा म्हशीपुढे टाकला. म्हशीने नाक लावलं, जीभ लावली, आणि मान फिरवली. मी तिला दोनदा ढकललं. ती काही ऐकेना. मी परत ओट्यापर्यंत आले नाही तोच मळमळून माझ्या तोंडात पाणी आलं आणि मी तिथेच खाली बसले.

पहिली उलटी अप्पांना झाली. ते उठले, अंगणाच्या कडेला गेले, वाकले, आणि तोंड पुसत वळून म्हणाले, "बघा. घान निघाया लागली." हे त्यांना आश्रमात सांगितलेलं होतं, की साठलेलं बाहेर पडतं तेव्हा आधी त्रास होतो आणि तो चांगला असतो. मला उलटी झाली. वहिनीला झाली. जुलाब सुरू झाले. अप्पा राखण करत असल्यासारखे आमच्यातून फिरत होते, मधेच वाकत होते, आणि म्हणत होते, "हूं द्या. समदं जाऊ द्या." आई गरम पाणी देत होती, पोट चोळत होती, गोठ्यामागे जाऊन येत होती. मला वाटलं, चहा ठेवायला जाते. दुसऱ्यांदा ती परत आली तेव्हा पदराने तोंड पुसत आली.

मग अप्पांच्या उलटीत रक्त आलं. आईने ते बघितलं आणि म्हणाली, "दवाखान्यात चला."

"घान हाय ती जुनी. काळी असती."

"ही लाल हाय," आई म्हणाली.

अप्पा वाकून बघत राहिले. आमच्या आळीचं दूध आमच्याच अंगणात गोळा व्हायचं, त्यामुळे गाडी तिथेच येणार होती. ती येईपर्यंत अप्पा ओट्यावर बसले नाहीत, पडले. किसनरावांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांनी दवाखान्याला नाही म्हटलं नाही. त्यावरून मला पहिल्यांदा भीती वाटली.

आणि आई चढत नव्हती. मी दुसऱ्यांदा ओरडले. किसनराव आईकडे बघत होते, आई अप्पांकडे बघत होती. अप्पांचे डोळे उघडे होते. आई त्यांच्या देखत हो म्हणणार नव्हती. हो म्हटलं की प्याला कोणाचा हे आलं, आणि प्याला आला की वारजे आलं. ती मरायला तयार होती असं मी म्हणणार नाही, आपण मरू असं तिला वाटलं नसेल. आधी यांना जाऊ दे, मग माझं बघू, हा तिचा रोजचा हिशेब होता.

वहिनीने घमेलं बाजूला ठेवलं. दोन्ही हातांनी फळी धरून खाली उतरली. ती जवळजवळ पडलीच. तिने आईचं मनगट धरलं आणि गाडीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मामंजी, रोज माजा निम्मा रस आत्याबाई पितात. आजचा बी त्यांनीच प्यालाय. मी पीत न्हाई. मला जात न्हाई त्यो."

"शालन, गप," आई म्हणाली.

"न्हाई गप. न्या मला वारज्याला. पन आधी ह्यांना गाडीत घ्या."

इंजिन चालू होतं. अप्पांनी मान वळवली. त्यांचा आवाज बसला होता, तरी शब्द नीट आले.

"म्हंजे तू निम्माच प्यालीस."

"व्हय."

"मंग वाचशील," अप्पा म्हणाले.

त्यांनी आईला हाताने वर यायची खूण केली. आई चढली. किसनरावांनी वहिनीला दंडाला धरून वर घेतलं. दूध घालायला आलेल्या आळीतल्या बायका म्हशीचं बघतो म्हणाल्या. कॅन तिथेच उतरवून ठेवले. गाडी निघाली तेव्हा आई अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि स्वतः कडेवरून वाकून उलटी करत होती, उघड्यावर, सगळ्यांसमोर. रस्ता कच्चा होता. प्रत्येक खड्ड्याला अप्पा डोळे उघडायचे, आम्ही सगळ्या आहोत का ते बघायचे आणि मिटायचे. माझ्याकडे बघितलं तेव्हा मला वाटलं, जीभ दाखव म्हणतील.

सरकारी दवाखान्यात आम्हाला खाटांवर आणि खाली सतरंज्यांवर टाकलं. सलाईनच्या बाटल्या टांगल्या. एक तरुण डॉक्टर होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कडू दुधी म्हणजे विष. एवढा कडू होता, तर प्यायलात कशाला?" त्याने चिडून विचारलं नव्हतं, त्याला खरंच कळत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं. वहिनी रडायला लागली. आईने सांगितलं, "औशिद म्हनून." डॉक्टरने ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही.

दादा दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आला. तोपर्यंत अप्पांचं बोलणं बंद झालं होतं. त्यांना आत दुसऱ्या खोलीत नेलं होतं आणि आईला सलाईन लावलेलं असल्यामुळे तिला तिथे जाता येत नव्हतं. ती दादाला म्हणाली, तू त्यांच्यापाशी बस, माझ्यापाशी नको. तो बसला. संध्याकाळी तो बाहेर आला आणि आईच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. आईने बांगड्यांकडे बघितलं आणि त्याला विचारलं, म्हशीची धार कोणी काढली.

अप्पा गेले. आई जगली, वहिनी जगली आणि मी जगले.